अमेरिकेची प्रस्थानपूर्व सीमातपासणी

अमेरिकेची प्रस्थानपूर्व सीमातपासणी ही अमेरिकेत जाणाऱ्या प्रवाशांची प्रवेशविषयक तपासणी विमान सुटण्यापूर्वीच, परदेशातील विमानतळावर पूर्ण करण्याची व्यवस्था आहे. अमेरिकेच्या सीमाशुल्क व सीमासंरक्षण विभागाचे अधिकारी ही तपासणी करतात. कॅनडा, आयर्लंड, बहामाज, बर्म्युडा, अरूबा आणि संयुक्त अरब अमिराती येथील निवडक विमानतळांवर ही सोय उपलब्ध आहे.

कार्यपद्धती

प्रवासी सुरक्षा तपासणीनंतर अमेरिकी अधिकाऱ्यांसमोर जातो. तेथे पासपोर्ट, व्हिसा, बोटांचे ठसे आणि सोबतच्या वस्तूंविषयी चौकशी होते. प्रवेशास मान्यता मिळालेला प्रवासी अमेरिकेत उतरल्यावर देशांतर्गत प्रवाशाप्रमाणे थेट बाहेर पडतो. त्यामुळे आगमनाच्या ठिकाणी सीमातपासणीची सोय नसली तरी विमान उतरू शकते. न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर टोरांटोहून विमाने येतात ती याच कारणाने.

देश सोडताना होणाऱ्या तपासणीहून ही व्यवस्था वेगळी आहे. मुंबईच्या विमानतळावरील इमिग्रेशन कक्षात होते ती भारताची स्वतःची निर्गमन तपासणी होय. मुंबईहून अबू धाबीमार्गे न्यूयॉर्कला जाणाऱ्या प्रवाशाची अमेरिकी तपासणी मात्र अबू धाबीतच होते.

इतिहास

या व्यवस्थेचा प्रारंभ १९५२ मध्ये टोरांटो येथे अमेरिकन एअरलाइन्सच्या विनंतीवरून झाला. अमेरिका आणि कॅनडा यांच्यात त्यासंबंधीचा करार १९७४ मध्ये झाला. आयर्लंडमध्ये शॅनन येथे १९८६ पासून, तर डब्लिन येथे १९९४ पासून इमिग्रेशन तपासणी होऊ लागली. सीमाशुल्क तपासणीची भर त्यात पुढे पडली. अबू धाबीतील केंद्र २०१४ मध्ये सुरू झाले.

कायदेशीर स्थान

तपासणी कक्षात अमेरिकेचे प्रवेशविषयक नियम लागू केले जात असले, तरी ती भूमी यजमान देशाचीच राहते व तेथे त्याच देशाचे कायदे चालतात. अमेरिकी अधिकाऱ्यांना कोणते अधिकार असावेत, हे उभय देशांतील करार आणि यजमान देशाचा कायदा ठरवितो. कॅनडात २०१९ मध्ये अमलात आलेल्या नव्या कायद्याने हे अधिकार वाढविले. प्रवाशाला प्रवेशाचा अर्ज मागे घेऊन परत फिरता येते; परंतु तसे केल्यास त्याची ओळख व माघारीचे कारण विचारण्याची मुभा या कायद्याने अधिकाऱ्यांना दिली. नागरी स्वातंत्र्याच्या पुरस्कर्त्यांनी या तरतुदीवर आक्षेप घेतला.

लाभ आणि टीका

प्रवेश नाकारला गेल्यास प्रवासी विमानात बसण्यापूर्वीच थांबविला जातो. त्याला अमेरिकेतून परत पाठविण्याचा प्रसंग येत नाही. मात्र याच व्यवस्थेची दुसरी बाजू अशी की, अमेरिकेच्या भूमीवर पाऊल ठेवणाऱ्यास आश्रय मागण्याचा जो मार्ग असतो, तो येथे थांबविलेल्या व्यक्तीस मिळत नाही. अबू धाबीतील केंद्राला अमेरिकेतील विमान कंपन्यांनी विरोध केला होता. त्या वेळी एकही अमेरिकी कंपनी तेथे विमानसेवा देत नसल्याने, त्याचा लाभ प्रतिस्पर्धी कंपनीलाच मिळेल, असे त्यांचे म्हणणे होते.