गोल तिघींचा

पेनल्टी कॉर्नर मिळाला की शांतिनगरच्या हॉकी स्टेडियममध्ये सगळ्यांचं लक्ष ड्रॅग फ्लिक मारणाऱ्या मुलीकडे जातं. मी तिच्या पुढ्यात वाकलेल्या स्टॉपरकडे बघते. ती माझी मुलगी आहे, म्हणून तर बघतेच. पण बंगळुरूतल्या ज्युनियर हॉकीचा एक सीझन मैदानाच्या कडेला बसून पाहिल्यावर मला वाटू लागलंय, की या वयात सगळ्यात जास्त घाम गाळावा लागतो तो याच जागेवर.

पेनल्टी कॉर्नर, म्हणजे पीसी, हे तीन जणींचं काम. पहिली गोलपोस्टपासून किमान 10 मीटरवर, एक पाय बॅकलाइनच्या बाहेर ठेवून बॉल पुश करते. बॉल 18-19 मीटर जातो आणि गोलसमोरच्या अर्धवर्तुळाच्या, ‘डी’च्या, जेमतेम बाहेर स्टॉपरच्या स्टिकवर थांबतो. तिसरी तोवर धावत आलेली असते. ती बॉल स्टिकच्या कुशीत घेऊन ‘डी’त ओढते आणि फ्लिक करते. समोर गोलकीपरसह पाच जणी गोललाइनमागे उभ्या असतात. पुश झाला की त्यांतली सगळ्यात आधी धावणारी, म्हणजे फर्स्ट रशर, मास्क लावून थेट अंगावर धावत येते. पुशपासून फ्लिक होईपर्यंतचा सगळा खेळ दोन-तीन सेकंदांचा.

फ्लिकरची पावलं आधीच मोजलेली असतात. बॉल वीतभर इकडे-तिकडे थांबला तर तिचा पाय चुकतो, पाय चुकला की खांदा वळत नाही आणि फ्लिक रशरच्या स्टिकवर जाते. म्हणून स्टॉपरला बॉल नुसता अडवून चालत नाही, ठरलेल्या जागी निपचित ठेवावा लागतो. स्टिक कडक धरली तर 160 ग्रॅमचा टणक बॉल टप्पकन उडतो. सैल धरली तर खालून निसटतो. डावा हात टर्फला टेकेल इतका खाली, गुडघा वाकलेला, नजर बॉलवर. आणि रशरचे पाय ऐकू येत असताना मान वर करायची नाही. पंधरा वर्षांच्या मुलीला सगळ्यात जड जातं ते हेच.

सीझनच्या सुरुवातीला मुलींचे कोच फ्लिकरला बाजूला बसवायचे. तासभर फक्त पुश आणि स्टॉप. पाणी मारलेल्या टर्फवर बॉल सरळ सरकतो. ऊन चढून टर्फ सुकलं की तोच बॉल उसळ्या घेतो. संध्याकाळी पाऊस झाला तर साचलेल्या पाण्यात वाटेतच अडतो. मुली हे पुस्तकातून शिकल्या नाहीत. मॅचआधी टर्फवर तळहात फिरवून त्या पुशचा जोर ठरवायला लागल्या, तेव्हा सीझन अर्धा झाला होता. पुश करणारी मुलगी कोडगूची, कन्नडमध्ये बोलणारी; माझी लेक घरी मराठी बोलते. पण पुशआधी दोघींची नुसती नजरानजर पुरायला लागली. सीझन संपता संपता लेकीच्या डाव्या ग्लोव्हची बोटं झिजून पातळ झाली होती, आणि हुकणारे स्टॉप कमी झाले होते.

संध्याकाळी निकाल लिहिला जातो, तेव्हा त्यात एकच नाव असतं. 2 ऑगस्ट 2021 ला टोकियो ऑलिम्पिकच्या उपांत्यपूर्व फेरीत भारताच्या मुलींनी ऑस्ट्रेलियाला 1-0 ने हरवलं. पेनल्टी कॉर्नरवर गोल करणारी गुरजीत कौर देशाला पाठ झाली, आणि तो मान तिचाच होता. पण त्या बॉलला आधी आणखी दोन स्टिका लागल्या होत्या. कोडगूने लेन अय्यप्पा आणि व्ही. आर. रघुनाथ यांच्यासारखे फ्लिकर दिले. इथल्या मुलांना ती नावं माहीत आहेत. त्यांच्यासाठी बॉल थांबवणाऱ्यांची नावं कुणी सांगत नाही. मग दरवर्षी निवड चाचणीला दहातल्या आठ मुली फ्लिकर व्हायचंय म्हणतात, यात नवल ते काय?

लडाखच्या मुली बर्फावर खेळतात त्या आइस हॉकीत ही उणीव कधीच भरून काढलेली आहे. तिथे बॉलऐवजी रबरी चकती असते, आणि गोल करणाऱ्याबरोबरच आधी ती पुढे देणाऱ्या जास्तीत जास्त दोघांच्या नावावर ‘असिस्ट’ लिहिला जातो. खेळाडूच्या गुणांत गोल आणि असिस्ट सारख्याच मोलाचे धरतात. 2025 मध्ये आशिया चषकात कांस्यपदक मिळवणारा आपला महिला आइस हॉकी संघ याच हिशेबात खेळतो. आणि आपल्या पीसीत गोलाआधी नेमके दोघींचेच हात लागतात.

मोठ्या स्पर्धांचे नियम बदलायला वेळ लागेल. पण शाळा, क्लब आणि ज्युनियर लीगच्या आयोजकांना त्यासाठी कुणाची वाट पाहायची गरज नाही. स्कोअरशीटवर दोन रकाने वाढवा: पुश कुणाचा, स्टॉप कुणाचा. बक्षीस समारंभात ती नावं वाचा. आम्हा पालकांनीही मॅचनंतर ‘किती गोल मारलेस?’ एवढंच विचारणं सोडायला हवं. आज किती बॉल थांबवलेस, हेही विचारू या. पुढची गुरजीत घडवायची असेल तर तिच्यासाठी बॉल थांबवणारीही मनापासून तिथे टिकायला हवी; आणि कुणीतरी आपलं काम पाहतंय, हे कळलं तरच ती टिकेल.