‘मोरे काकूंना फोन लाव’ म्हटल्यावर फोन नेमकं काय करतो? आणि भलत्यालाच का लावतो?

हात कणकेत बरबटलेत. फोन ओट्याच्या कडेला पडलाय. तुम्ही लांबूनच सांगता, “मोरे काकूंना फोन लाव.” फोन क्षणभर घुटमळतो आणि सरळ मोहन केबलवाल्याला रिंग देतो.

आपण चिडून म्हणतो, याला मराठी कळत नाही. ते अर्धंच खरं आहे. मोरे काकू कोण हे फोनला कधीच कळत नाही, बरोबर कॉल लागतो तेव्हासुद्धा! तो फक्त एवढंच बघतो की आत्ता ऐकलेला आवाज आपल्याकडच्या यादीतल्या कोणत्या नावाशी सगळ्यात जास्त जुळतो. म्हणजे हा ओळखण्याचा खेळ नाही, निवडण्याचा आहे. ही एक गोष्ट लक्षात घेतली की फोनच्या बऱ्याचशा चुकांचा उलगडा होतो.

आधी नावंच होती, नंबर नंतर आले

फोन सुरू झाले तेव्हा कुणालाही नंबर नव्हता. रिसीव्हर उचलायचा, एक्स्चेंजमधल्या ऑपरेटरला नाव सांगायचं आणि ती तार जोडून द्यायची. कोणाची तार कुठे आहे हे तिच्या डोक्यात पक्कं असायचं.

१८७९ मध्ये अमेरिकेतल्या लोवेल या गावात गोवरची साथ आली. गावात दोनशेच्या वर फोन आणि ते सांभाळणारे ऑपरेटर चार. तिथले डॉक्टर मोझेस ग्रीली पार्कर यांना काळजी वाटली, की हे चौघं एकदम आजारी पडले तर बदली माणसांना कोणाची तार कुठे ते कसं कळणार? त्यांनी सुचवलं, प्रत्येक फोनला नंबर द्या. टेलिफोन नंबरचा जन्म असा झाला असं सांगितलं जातं.

पुढे ऑपरेटरच नको, असंही कुणाला तरी वाटलंच. कॅन्सस सिटीत अंत्यसंस्काराचा व्यवसाय करणाऱ्या अल्मन स्ट्रोजर यांना संशय होता, की ऑपरेटर आपली गिऱ्हाइकं दुसऱ्याकडे वळवते. त्यांनी आपोआप तार जोडणाऱ्या यंत्राचं पेटंट १८९१ मध्ये मिळवलं. यंत्राला नाव कळणं शक्यच नव्हतं, आकडे मोजता येत होते. म्हणून पुढची शंभर वर्षं माणसांनी आकडे पाठ केले.

आपल्याकडे मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज १८८२ मध्ये आलं. नावाने फोन जोडून देण्याची पद्धत मात्र ट्रंक कॉलमध्ये बराच काळ टिकून होती. ‘पीपी कॉल’ आठवतोय? पर्टिक्युलर पर्सन! ऑपरेटर पलीकडच्या माणसाला विचारायची, अमुक अमुक आहेत का? ते लाइनवर आले तरच खरा कॉल सुरू. शेजाऱ्यांचा फोन नंबर देताना पुढे कंसात ‘पी.पी.’ लिहायची पद्धत अनेकांनी जुन्या लग्नपत्रिकांवर पाहिली असेल.

यंत्राने ऐकायला सुरुवात केली

१९५२ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जने ‘ऑड्री’ नावाचं यंत्र बनवलं. सहा फूट उंच रॅकभर उपकरणं, आणि समज किती? शून्य ते नऊ, बस. तेही आकड्याआकड्यात थांबत बोलायचं आणि बोलणाऱ्याच्या आवाजाशी यंत्र आधी जुळवून घ्यायचं.

आकडे दहाच आहेत, मग ते ओळखणं सोपं असायला हवं ना? इथेच गंमत आहे. समजा, यंत्र प्रत्येक आकडा ९७ टक्के वेळा बरोबर ऐकतं. आपला मोबाइल नंबर दहा आकडी. दहाच्या दहा आकडे बरोबर येण्याची शक्यता उरते जेमतेम ७४ टक्के. म्हणजे साधारण दर चार कॉलपैकी एक चुकीचा. शिवाय एक आकडा चुकला तरी तो कुणाचा तरी खरा नंबर असू शकतो, त्यामुळे यंत्राला शंकासुद्धा येत नाही.

नावाचं तसं नाही. फोनमध्ये तीनशे नावं असतील तर उत्तर त्या तीनशेपैकीच एक असणार. ‘सचिन’मधला ‘च’ नीट ऐकू आला नाही तरी यादीत ‘सखिन’ नावाचं कुणी नाही, त्यामुळे सचिनच निवडला जातो. यादी यंत्राची चूक झाकते.

आणि यादीच चूक घडवतेसुद्धा. तुम्ही ‘रोहन’ म्हणालात आणि रोहनचा नंबर तुम्ही सेव्हच केलेला नाही, पण मोहन केबलवाला आहे. मग यादीतलं जवळचं नाव कोणतं? बरोबर.

हे टाळायला प्रत्येक निवडीसोबत यंत्र खात्रीचा एक आकडा काढतं. खात्री भरपूर असेल तर थेट कॉल. मध्यम असेल तर “मोहनना फोन लावू का?” अशी विचारणा. कमी असेल तर “पुन्हा सांगा.” ही रेषा कुठे आखायची हे कंपनी ठरवते. कडक ठेवली तर लोक वैतागतात, सैल ठेवली तर रात्री अकराला बॉसला फोन जातो.

नोकिया ३३१० आणि आठ नावं

१९९२ मध्ये अमेरिकेतल्या एटीअँडटी कंपनीने ऑपरेटरच्या कामात आवाज ओळखणारी यंत्रणा आणली. तिला पाच पर्याय कळायचे. त्यातला एक होता ‘पर्सन’, म्हणजे आपला पीपी कॉलच! लोक नुसता तो शब्द न बोलता अख्खं वाक्य बोलत, म्हणून वाक्यातून नेमका शब्द वेचण्याचं तंत्र बसवावं लागलं. कंपनीने तेव्हाच सांगितलं होतं, की ऑपरेटरच्या एक तृतीयांशापर्यंत जागा कमी होतील. पार्कर यांची चिंता होती ऑपरेटर आजारी पडले तर काय. ११३ वर्षांनी ऑपरेटरच नकोसे झाले.

हे तंत्र आपल्या खिशात आलं ते साध्या मोबाइलमधून. नोकिया ३३१० (२००० सालचा) अनेकांना सापाच्या गेमसाठी आठवतो. त्यात आठ नंबरांना स्वतःच्या आवाजातलं नाव जोडता यायचं. तुम्ही एकदा ‘आई’ म्हणून रेकॉर्ड करायचं, नंतर तसंच म्हटलं की कॉल लागायचा.

यामागची युक्ती साधी होती. आधीचा आवाज आणि आत्ताचा आवाज शेजारी ठेवायचे आणि ताणून-आकसून जुळतात का ते बघायचं. माणूस कधी ‘आई’ म्हणतो, कधी ‘आऽऽई’. म्हणून रबर ताणावं तसा वेळ ताणायचा. त्या फोनला कोणतीही भाषा येत नव्हती. त्यामुळे मराठी, अहिराणी, मालवणी सगळं सारखंच चालायचं. शिट्टी रेकॉर्ड केली असती तरी त्याची हरकत नव्हती!

अडचणी होत्याच. सर्दी झाली, आजूबाजूला एसटी स्टँडचा गोंगाट असला की गडबड. दुसऱ्या कुणी नाव उच्चारलं तर पंचाईत. आणि तीनशे नावं कोण रेकॉर्ड करत बसणार?

आताचा फोन तुमचं स्पेलिंग वाचतो

आजचा फोन तुमच्याकडून काहीच रेकॉर्ड करून घेत नाही. तो काँटॅक्टमध्ये लिहिलेलं नाव वाचतो, त्याचा उच्चार काय असेल याचा अंदाज बांधतो आणि तुमच्या बोलण्याशी तो ताडून बघतो.

बोलण्याचे तो बारीक तुकडे करतो. साधारणपणे सेकंदाला शंभर. प्रत्येक तुकडा ‘म’ असण्याची शक्यता किती, ‘ब’ असण्याची किती, असा हिशोब चालतो. मग या शक्यतांच्या माळेतून यादीतलं कोणतं नाव सगळ्यात सहज ओवलं जातं ते निवडतो. नव्या न्यूरल नेटवर्कच्या यंत्रणांमध्ये या पायऱ्या एकमेकींत मिसळल्या आहेत, पण कल्पना तीच.

आता मराठी माणसाची खरी अडचण. आपण आपलीच नावं इंग्रजी अक्षरांत सेव्ह करतो. मोरे लिहितो एम-ओ-आर-ई. इंग्रजीच्या नियमाने तो ‘मोअर’ झाला. दाते डी-ए-टी-ई, म्हणजे ‘डेट’. साने ‘सेन’, माने ‘मेन’, गोरे ‘गोर’ आणि काळे तर चक्क ‘केल’, ती पालेभाजी! ही सगळी अस्सल इंग्रजी शब्दांची स्पेलिंगं आहेत. आपण म्हणतोय ‘दाते काकांना’, फोन वाट बघतोय ‘डेट’ची.

शिवाय इंग्रजी अक्षरांत ठ आणि थ एकच, द आणि ड एकच. ण आणि ळ तर गायबच. राणे की राने, साठे की साथे, हे आपल्याला संदर्भाने कळतं. फोनला संदर्भ कुठून येणार?

पाटील, जोशी, शिंदे यांना हा त्रास कमी होतो. ही नावं इतक्यांदा कानावर पडली आहेत की यंत्रणेने त्यांचे उच्चार शिकून घेतलेत. मार खातात ती कमी ऐकलेली आडनावं, गावाच्या नावावरून आलेली, एखाद्याच तालुक्यात सापडणारी. यंत्रणा जे आवाज ऐकून वाढते तेच तिला चांगलं कळतं. गूगलने २००७ मध्ये अमेरिकेत ‘गूग-४११’ ही फोनवरून दुकानांची माहिती देणारी मोफत सेवा सुरू केली होती, ती २०१० मध्ये बंद केली. आवाज ओळखण्याचं तंत्र सुधारायला लोकांचे भरपूर आवाज हवे होते हे कंपनीने तेव्हाच सांगितलं होतं. ते आवाज अर्थातच उत्तर अमेरिकेतले. गूगलचं बोलून शोधणं मराठीत आलं २०१७ मध्ये आणि गूगल असिस्टंट मराठी शिकला २०१८ मध्ये. शाळेत दहा वर्षं उशिरा नाव घातलेल्या मुलासारखी ही गत आहे.

मग करायचं काय?

पहिलं आणि सगळ्यात सोपं: ज्यांना बोलून फोन लावायचा असतो त्यांची नावं देवनागरीत सेव्ह करा आणि असिस्टंटची भाषा मराठी ठेवा. देवनागरीत आपण जवळजवळ लिहितो तसंच बोलतो. अगदी शंभर टक्के नाही, ‘जाधव’मधला ज आणि ‘जयश्री’मधला ज वेगळा आहेच. पण ‘मोरे’चा ‘मोअर’ होणार नाही. असिस्टंट इंग्रजीतच हवा असेल तर काँटॅक्टमध्ये उच्चारासाठी वेगळा रकाना असतो का ते बघा. आयफोनमध्ये तो आहे. तिथे ‘मो-रे’ अशा थाटाचं स्पेलिंग लिहिता येतं आणि मूळ नाव तसंच राहतं.

नाव थोडं लांब ठेवा. ‘आई’ हा शब्द आपल्याला कितीही जवळचा असला तरी यंत्रासाठी फार अवघड आहे. त्यात एकही व्यंजन नाही, नुसते दोन स्वर. ताई, माई, बाई यांच्यात आणि आईत फरक तो काय, सुरुवातीचा इवलासा आवाज. मिक्सर चालू असेल तर तोही बुडतो. ‘आई सांगली’ असं सेव्ह केलं तर निवडायला दुप्पट आवाज मिळतो. तीन ‘संतोष’ असतील तर त्यांच्यापुढे ‘प्लंबर’, ‘ऑफिस’, ‘मामेभाऊ’ असं काहीतरी हवंच. आणि ज्यांना सगळं गाव भाऊ म्हणतं त्यांचं कागदोपत्री नाव सेव्ह करून उपयोग नाही, तुम्ही तोंडाने जे म्हणता तेच लिहा.

असिस्टंटला काँटॅक्ट बघायची परवानगी दिली नसेल तर त्याच्याकडे यादीच नसते. मग तो नावाऐवजी एखादा ओळखीचा शब्द ऐकतो आणि इंटरनेटवर शोधायला निघतो. परवानगी द्यायची की नाही हा तुमचा निर्णय, पण न देता फोन लावायला सांगणं म्हणजे डिरेक्टरी काढून घेऊन ऑपरेटरला कामाला बसवणं.

साध्या फोनलाइनवरून एखाद्या ऑफिसच्या यंत्राला नाव सांगत असाल तर एक जास्तीची अडचण असते. तिथे साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज पुढे जातो. ‘स’ आणि ‘फ’ वेगळे करणारी बरीच सळसळ याच्या वर असते, ती वाटेतच गळते. फोनवर ‘एस फॉर सातारा, एफ फॉर फलटण’ असं ओरडावं लागतं ते यामुळेच. तिथे आडनावासकट पूर्ण नाव सांगितलेलं बरं.

घरातल्या ज्येष्ठांसाठी ही सोय करून देत असाल तर जास्त काळजी घ्या. मोतीबिंदू झालेल्या, हात थरथरणाऱ्या माणसाला अडचणीच्या वेळी स्क्रीनवर नाव शोधणं जमत नाही, पण हाक मारता येते. अशा वेळी कॉल मोहन केबलवाल्याला लागून चालणार नाही. दोन-तीन महत्त्वाची माणसं निवडा, त्यांची नावं एकमेकांपासून अगदी वेगळी ऐकू येतील अशी ठेवा आणि चाचणी त्यांच्याच आवाजात घ्या, तुमच्या नाही. टीव्ही चालू असताना एकदा, पलंगावर आडवं पडून एकदा. आणि रात्री कवळी काढून ठेवल्यावरही एकदा, कारण तेव्हा ‘संजय’मधला ‘स’ वेगळाच निघतो.