अडाणी कोण?

"लोक अडाणी आहेत, त्यांना काही कळत नाही," ही तक्रार सभांतून वरचेवर ऐकू येते. तक्रार करणारा स्वतःला त्या लोकांत धरीत नाही, हे तिचे वैशिष्ट्य! कामगार चळवळीत उमेद घालविलेल्या आम्हांलाही या अज्ञानाचा संताप येतो. परंतु संतापाने अज्ञान जात नाही. ते कशाचे आहे, हे पाहावे लागते.

ते अक्षरांचे नव्हे. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता 82 टक्क्यांवर होती. पण वृत्तपत्र वाचणारा माणूस स्वतःच्या पगाराची चिठ्ठी वाचीत नाही. तीतील एकच ओळ घेऊ : प्रॉव्हिडंट फंड.

1952 च्या कायद्याने सुरू झालेल्या या व्यवस्थेत सर्वसाधारणपणे मूळ पगार व महागाई भत्ता यांच्या 12 टक्के रक्कम कामगाराकडून कापली जाते आणि तेवढीच मालकाने भरावयाची असते. मात्र मालकाच्या हिश्श्यातील 8.33 टक्के, पगाराच्या ठराविक मर्यादेपर्यंत, 1995 च्या पेन्शन योजनेकडे वळतात. म्हणून पासबुकात दोन आकडे सारखे दिसत नाहीत. ते पाहून "आमचे पैसे कोणी खाल्ले?" असे विचारणारे पुष्कळ भेटतात. उलट, कापलेली रक्कम मालकाने भरलीच नाही, हे वर्षानुवर्षे न तपासणारेही तितकेच. जेथे चोरी नाही तेथे संशय, आणि जेथे चोरी आहे तेथे बेफिकिरी. अज्ञान म्हणतात ते हेच.

दुसरी गोष्ट पेन्शनची. तिच्या हक्काला दहा वर्षांची सेवा लागते. नोकरी बदलताना खाते पुढे नेण्याऐवजी पेन्शनची रक्कमही काढून घेतली, तर आधीची वर्षे हिशेबातून जातात. तरुणपणी मिळालेले चार पैसे म्हातारपणी महाग पडतात.

तिसरी गोष्ट विम्याची. 1976 पासून या फंडाला जोडलेली विमा योजना आहे. तिच्यासाठी कामगाराला एक पैसाही भरावा लागत नाही, मालक भरतो. सभासद सेवेत असताना वारला तर वारसाला रक्कम मिळते. 2021 मध्ये तिची कमाल मर्यादा सात लाख झाली. घरचा कर्ता गेल्यावर पुढाऱ्यांच्या दारी मदतीसाठी हिंडणाऱ्या, पण या हक्काचे नावही न ऐकलेल्या विधवा आम्ही पाहिल्या आहेत. दया मागावी लागते, कारण हक्क ठाऊक नसतो.

हे अज्ञान केवळ मजुरांचे नाही. पदवीधर कारकून व इंजिनिअरही त्यात आहेत. आणि ते आपोआप टिकत नाही. न समजणारे अर्ज, न सांगणारा मालक आणि न विचारणारा माणूस, अशा तिघांनी मिळून ते टिकविले आहे. पहिल्या दोघांना हलवावयाचे तर आरंभ तिसऱ्यानेच करावयास हवा.

'दीनबंधू' पत्र चालविणाऱ्या नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित केले आणि 1890 मध्ये आठवड्याची सुटी मिळवून दिली. त्या कामगारांतील बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. पण आपण काय मागतो व का मागतो, हे त्यांना समजले होते. मग अडाणी कोणाला म्हणावे?

तेव्हा घरी गेल्यावर एवढे करावे : आपला बारा अंकी खाते क्रमांक शोधावा, गेल्या महिन्याचा भरणा तपासावा, वारसाची नोंद पाहावी. आणि कळले ते शेजाऱ्याला सांगावे.