तांबडी रेघ उमटत नाही तेव्हा
(नव्या संगणकप्रणालीची ओळख : लेखांक सातवा)

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीचा नियमित सांभाळ थांबविला आणि विंडोज ११ ज्यांना पेलणारे नव्हते अशा जुन्या संगणकांच्या मालकांपुढे, यंत्र मोडीत काढावे की त्यावर उबुंटूसारखी लिनक्स प्रणाली बसवावी, असा प्रश्न उभा राहिला. ज्यांनी दुसरा मार्ग पत्करला त्यांपैकी अनेकांना लिब्रेऑफिस या संचातील रायटर हा लेखनाचा कार्यक्रम आयताच मिळाला. त्यात मराठी टंकलेखन साधले, की पहिली तक्रार हटकून कानी येते ती शुद्धलेखनाच्या तपासणीची.

समजा, गोव्यातील पेडणे महालातील एखाद्या देवस्थानचा नवा चिटणीस महाजनांच्या आमसभेची नोटीस लिहीत आहे. अध्यक्ष, खजिनदार, मुखत्यार यांची नावे घालून झाली, 'सर्वांची उपस्थिती प्रार्थनीय आहे' असे लिहिताना हात चुकून 'उपस्तिथी' पडले. त्याने एफ७ ही कळ दाबली, तपासणी पूर्ण झाल्याचा निरोप पडद्यावर आला, आणि नोटीस त्या चुकीसह देवळाच्या फलकावर लागली. तपासनीसाने मजकूर वाचून पसंत केला, असा समज अशा वेळी होणे अगदी स्वाभाविक आहे. वस्तुस्थिती अशी, की त्याने तो वाचलाच नव्हता; आणि नवशिक्याने या साऱ्या प्रकरणात एकच गोष्ट ध्यानी धरायची झाली तर ती हीच, की चुकीच्या शब्दाखाली उमटणारी तांबडी रेघ नसणे हा शुद्धतेचा दाखला नव्हे.

याचे कारण तपासणीच्या रचनेत आहे. रायटरमध्ये हे काम हंस्पेल नावाचे साधन करते. ते लास्लो नेमेथ यांनी मुळात हंगेरियन भाषेसाठी घडविले, कारण त्या भाषेत एकेका शब्दाला प्रत्ययांमागून प्रत्यय लागत जातात आणि सगळी रूपे यादीत मांडणे अशक्य होते. मराठीची प्रकृतीही तशीच. 'देऊळ' हा शब्द घ्या : प्रत्यय लागण्यापूर्वी त्याचे 'देवळा' असे सामान्यरूप होते, आणि मग देवळात, देवळाच्या, देवळांनासुद्धा अशी रांग सुरू होते. म्हणून हंस्पेल प्रत्येक भाषेसाठी दोन दफ्तरे बाळगते, एक मूळ शब्दांचे व दुसरे प्रत्ययांच्या नियमांचे. ज्या भाषेची दफ्तरे हाती नाहीत, त्या भाषेचा मजकूर ते बिनतक्रार ओलांडून पुढे जाते.

तेव्हा पहिली तजवीज दफ्तरांची. मराठीचा कोश लिब्रेऑफिससोबत आलेला नसेल तर तो विस्तार म्हणून स्वतंत्रपणे उतरवून घ्यावा, 'टूल्स'मधील विस्तारांच्या खिडकीतून दाखल करावा आणि रायटर बंद करून पुन्हा उघडावा. त्यानंतर 'ऑप्शन्स'मधील भाषांच्या पानावर जावे. येथे पुष्कळजण अडतात, कारण पाश्चात्त्य भाषांच्या यादीत मराठी सापडत नाही. देवनागरीची गणना लिब्रेऑफिसने 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' या वर्गात केली आहे, सबब त्या वर्गापुढील चौकोनात खूण करून मगच तेथील यादीतून मराठी निवडावी. यादीत मराठीच्या डाव्या बाजूस 'एबीसी' ही अक्षरे व बरोबरची खूण असलेले इवले चिन्ह दिसले, तर कोश जागेवर आहे. ते नसेल तर पुढची खटपट व्यर्थ होय.

एवढे करूनही जुना मजकूर दाद देत नाही, कारण मजकूर आपली भाषा स्वतःबरोबर घेऊन येतो. 'आहे', 'आणि' असे साधे शब्द तांबडे झाले, तर त्या परिच्छेदावर बहुधा हिंदीचा शिक्का आहे असे समजावे. परिच्छेद निवडून खिडकीच्या तळपट्टीवरील भाषेच्या नावावर टिचकी मारली, की तो शिक्का बदलता येतो. दुसरी मेख अक्षरांची : 'पुजाऱ्यांना' या शब्दातील अर्धा र दोन निरनिराळ्या प्रकारे टंकता येतो आणि दोन्ही पडद्यावर हुबेहूब एकसारखे दिसतात, तरी एकाला कोश ओळखतो व दुसऱ्याला ओळखत नाही, असे होऊ शकते. सारे यथास्थित झाल्यावर मुद्दाम 'उपस्तिथी' लिहून पाहावे. रेघ उमटली म्हणजे तपासनीस जागा आहे.

आता उलट अडचण सुरू होते. डिचोलीतील लेखकाने नार्वे येथील सप्तकोटेश्वराच्या देवळाविषयी टिपण लिहिले, किंवा मये, कुळागर, मुंडकार, कोमुनिदाद असे शब्द वापरले, तर त्यांपैकी कित्येकांखाली रेघ येईल. मुंडकार हा तर गोव्याच्या १९७५ च्या कायद्याच्या नावातला शब्द! असे शब्द अशुद्ध नाहीत. ते कोशात कोणी घातलेले नाहीत, इतकेच. यंत्राने सुचविलेला पर्याय निमूटपणे स्वीकारून गावाचे नाव बदलणाऱ्या लेखकाला मी दोष देईन, कारण लिखाण त्याच्या नावावर जाते. त्याऐवजी लेखकाने 'ऑप्शन्स'मधील 'रायटिंग एड्स'मध्ये 'गोमंतक' नावाचा स्वतंत्र कोश उघडावा आणि शब्दाचे रूप दोनदा पडताळून मगच त्यात दाखल करावे, कारण एकदा आत गेलेली चूक पुढे कधीच तांबडी होत नाही. हा कोश म्हणजे साधी फाइल असते. पेडण्यात तयार झालेली ती डिचोलीच्या संगणकावर नेऊन ठेवता येते, आणि तेथील लेखक आपल्या महालातील शब्दांची तीत भर घालू शकतात.

युनिकोडपूर्वीच्या फाँटांतील मजकूर मात्र या उपायांनी तपासला जाणार नाही; त्याच्या रूपांतराचा विचार पुढील लेखांकात करू.