परदेशात एक सत्र : कर्ज काढण्यापूर्वी



गटात लागणी बघत फिरताना हल्ली आम्हाला बांधावर विचारतात, "साहेब, पोराला कॉलेज सहा महिने जर्मनीला धाडतंय. कर्ज काढू का?"

विद्यार्थी-विनिमय म्हणजे तिकडे पदवीला प्रवेश नव्हे. दोन विद्यापीठांचा करार असतो. मुलाचे नाव इथल्याच पटावर राहते आणि एक सत्र तो तिथे शिकतो. शिक्षण-शुल्क बहुधा इथेच भरायचे, तिथले माफ असते. युरोपातली इरॅस्मस योजना १९८७ पासून अशीच चालते. तिथे एका सत्राची ३० क्रेडिट धरतात. ती इथे कोणत्या विषयांपोटी धरणार, हे जाण्यापूर्वी लेखी घ्यावे. त्यावर मुलाची आणि दोन्ही विद्यापीठांची सही हवी. नोंद न करता लागण केली की तोडीला काय होते, ते आपणांस ठाऊकच आहे!

खोलीभाडे, जेवण, विमा, विमानाचे तिकीट हा खर्च मात्र बहुतेक घरचा. कर्जाचा आकडा त्यावरच धरावा, एजंटाच्या बोलण्यावर नव्हे.

बर्लिनचेच बघा. हिवाळी सत्र ऑक्टोबरात लागते. खोलीत राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत सरकारी कचेरीत पत्ता नोंदवायचा, त्याला घरमालकाचा दाखला लागतो. रविवारी दुकाने बंद, म्हणून बाजार शनिवारीच उरकायचा. डिसेंबरात दुपारी चारच्या आतच दिवस मावळतो. पोराला घर आठवते ते अशा वेळी. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेआठ झालेले असतात. जेवणे आटोपून फोन लावावा, आणि पैशाचे आधी विचारू नये.