आधी पाणी, मग झाडं

अमेरिकेत मिसिसिपीच्या खालच्या खोऱ्यात एकेकाळी सुमारे एक कोटी हेक्टर जंगल होतं. नदीला पूर आला की ते कित्येक आठवडे पाण्यात उभं असायचं. बाल्ड सायप्रस, ट्युपेलो आणि ओल सोसणारे ओक ही तिथली झाडं. पुढे पूर अडवणारे बांध झाले, शेतांतून चर निघाले आणि १९६०-७०च्या दशकांत सोयाबीन तेजीत आल्यावर हे रान झपाट्याने नांगराखाली गेलं. १९८०च्या दशकापर्यंत जेमतेम पाव हिस्सा शिल्लक राहिला.

अशा जमिनींवर पुन्हा जंगल उभं करण्याचा एक मार्ग म्हणजे मिटिगेशन बँक.

१९७२च्या क्लीन वॉटर अ‍ॅक्टमधल्या कलम ४०४ प्रमाणे पाणथळीवर भराव घालायचा तर परवाना लागतो. नुकसान आधी टाळायचं, टळत नसेल तर कमी करायचं, तरीही जे होईल ते भरून द्यायचं, असा क्रम आहे. ही भरपाई बहुतेकदा प्रकल्पवाले स्वतःच, लहान लहान तुकड्यांत करत. पाणथळींची घट त्यातून थांबत नाही, असं नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या समितीने २००१ मध्ये सांगितलं. २००८च्या नियमांनी मग बँकांना प्राधान्य दिलं.

बँकेचा मालक निचरा झालेली जमीन घेतो, ती कायम राखण्याचा करार नोंदवतो आणि देखभालीचा पैसा बाजूला ठेवतो. काम सिद्ध होईल तशी त्याला टप्प्याटप्प्याने क्रेडिट्स, म्हणजे विकता येणारे भरपाईचे हिस्से, मिळतात. रस्ते आणि घरं बांधणारे ती विकत घेतात, तीही साधारण त्याच पाणलोटातल्या नुकसानीपोटी.

खरी मेहनत पाण्याची. चर बुजवायचे, बांध फोडायचे, नांगराने सपाट केलेल्या रानात पुन्हा उंचसखलपणा आणायचा. वीतभर उंचीच्या फरकावर कुठला ओक जगेल ते ठरतं. सायप्रस शतकानुशतकं पाण्यात उभा राहतो, पण त्याचं बी पाण्याखाली रुजत नाही आणि रोप शेंड्यापर्यंत फार दिवस बुडालं तर मरतं. पाणी यायलाही हवं आणि ओसरायलाही हवं. लुईझियानात न्यूट्रिया हा घुशीसारखा प्राणी कोवळी रोपं कुरतडतो, म्हणून रोपांभोवती संरक्षक नळ्या बसवाव्या लागतात. देखरेख किमान पाच वर्षं, जंगलासाठी त्याहून जास्त.

फ्लोरिडात डिस्नेने याच विचाराने १९९२ मध्ये भरपाईपोटी सुमारे ३,४०० हेक्टरचं वॉकर रँच घेतलं आणि 'नेचर कॉन्झर्व्हन्सी' या संस्थेकडे सोपवलं. गुरांच्या कुरणांसाठी खणलेले चर बुजवल्यावर एव्हरग्लेड्सच्या उगमाकडच्या या पाणथळी पुन्हा भरू लागल्या.

तरी सगळंच भरून देता येत नाही. नॉर्थ कॅरोलिनात ब्लॅक नदीकाठच्या एका सायप्रसचं वय २०१९च्या अभ्यासात किमान २,६२४ वर्षं निघालं. ते कुठल्या क्रेडिटने परत आणणार? आणि मागणी टिकते ती कायद्यामुळे. २०२३ मध्ये सॅकेट खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने संघीय संरक्षणाची कक्षा आवळली. त्या कक्षेबाहेर गेलेल्या पाणथळींवर भराव घालायला आता संघीय परवाना लागत नाही, मग भरपाई कोण मागणार?

महाराष्ट्रातही असं जंगल आहे. दोडामार्ग तालुक्यात बांबर्डे इथे रानजायफळाची झाडं चिखलातून गुडघ्यासारखी मुळं वर काढून श्वास घेतात. २०२१ मध्ये त्या छोट्याशा राईला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. आपल्याकडे जंगल तोडल्याची भरपाई मुख्यतः जमिनीच्या क्षेत्रफळावर आणि रोपांच्या संख्येवर मोजली जाते, आणि ती दूरच्या कोरड्या माळावरही होऊ शकते. कांदळवन असो की रानजायफळाची राई, पाणथळ जंगलाच्या भरपाईत त्याच पाणलोटाची अट आणि पाण्याच्या पातळीची मोजणी यायलाच हवी. आणि बांबर्ड्यासारख्या जागांच्या बाबतीत टाळा, कमी करा, भरून द्या या क्रमाची पहिली पायरीच शेवटची असायला हवी: नुकसान टाळायचं.