ऊब कोठून येते?

नाशिक जिल्ह्यातील निफाडकडे पौष महिन्यात कडाक्याची थंडी पडते. काही वर्षी पहाटेचा पारा 5 अंशांच्याही खाली उतरतो. द्राक्षांचे मणी तडकू नयेत म्हणून शेतकरी बागांतून शेकोट्या पेटवितात. अशा दिवसांत आई सकाळी शेताकडे निघते आणि तीन वर्षांच्या लेकराला थोरल्या बहिणीच्या स्वाधीन करते. “त्याला नीट गुंडाळ गं,” एवढे ती जाता जाता बजावते. बहीण आज्ञाधारक. ती भावाच्या अंगात जाडजूड स्वेटर चढविते, वर शाल लपेटते, गळ्याला मफलरचे तीन वेढे देते. भाऊ अंगणात उतरतो खरा. पण बोचक्यासारख्या झालेल्या त्या पोराला हातही धड हलविता येत नाहीत. मग ऊन चढते, खेळ रंगतो, आणि तो घामाघूम होतो. सायंकाळी वारा सुटला की तोच घामेजलेला स्वेटर गार पडतो व पोर कुडकुडू लागते. बहिणीने काही कमी केले होते काय? मुळीच नाही. ऊब कोठून येते, एवढेच तिला कोणी सांगितले नव्हते.

गोधडी ऊब देते, असे आपण म्हणतो. पण रात्री घडी करून ठेवलेल्या गोधडीला हात लावून पाहावा; ती गारच लागते. बर्फवाला बर्फाची लादी भुशात ठेवून तीवर गोणपाट लपेटतो. गोणपाटाच्या अंगी ऊब असती, तर बर्फाचे केव्हाच पाणी झाले असते! ऊब असते ती आपल्या शरीरात. खाल्लेल्या अन्नापासून शरीर उष्णता निर्माण करते आणि आतील तापमान सुमारे 37 अंश राखते. कपड्याचे काम एवढेच, की ही उष्णता बाहेर पळू द्यावयाची नाही.

हे काम तरी कापड एकट्याने करते काय? खरी राखणदार आहे हवा. एका जागी कोंडलेली, न हलणारी हवा उष्णतेला सहजासहजी वाट देत नाही. थंडीत पहाटे चिमणी पिसे फुलवून चेंडूसारखी गोल होते, ती पिसांत हवा साठविण्यासाठी. पिंजारी जुनी गादी उसवून कापूस पिंजतो, तेव्हा तो कापूस काही वाढवीत नाही. दबून गठ्ठा झालेल्या कापसात पुन्हा हवा भरतो. आजीच्या गोधडीत जुन्या लुगड्यांचे चार-पाच थर असतात आणि प्रत्येक दोन थरांमध्ये हवेचा एक पातळ पदर अडकलेला असतो. लोकरीचा तंतू तर जात्याच कुरळा. त्याच्या वळणावळणांत हवा दडून बसते. धनगराची घोंगडी माळरानावरच्या थंडीला पुरून उरते ती यामुळेच.

आता लहान मुलांकडे वळू. चुलीवरून एक मोठा आणि एक लहान असे दोन उकडलेले बटाटे एकदमच उतरवावेत. लहान बटाटा आधी निवतो. वस्तू जितकी लहान, तितके तिच्या वजनाच्या मानाने बाहेरचे अंग अधिक, आणि उष्णता निसटते ती बाहेरच्या अंगावाटेच. नवजात बालकाची त्वचा त्याच्या वजनाच्या मानाने मोठ्या माणसाच्या सुमारे अडीच पट असते. त्यातही बाळाचे डोके शरीराच्या मानाने फार मोठे. म्हणून डोके उघडे राहिले तर बाळाची उष्णता झपाट्याने जाते. शिवाय तान्ह्या मुलाला मोठ्यांप्रमाणे कुडकुडून उष्णता निर्माण करता येत नाही. पाठीच्या फऱ्यांजवळ साठविलेली एक विशेष प्रकारची तपकिरी चरबी जाळून ते कसेबसे निभावते. आणि ‘मला थंडी वाजते’ हे सांगावयाला त्याच्याजवळ रडण्याखेरीज भाषा नाही.

आपल्याकडील कुंची या दृष्टीने मोठ्या शहाणपणाचा कपडा आहे. डोके, कान आणि मान झाकून ती पाठीवर सैल उतरते. कोठेही आवळत नाही. उत्तर कॅनडातील बर्फाळ प्रदेशात राहणारे इन्युइट लोक तर याच्याही पुढे गेले. कॅरिबू नावाच्या हरणाच्या कातड्याचे दोन झगे ते एकावर एक घालीत. आतल्या झग्याचे केस अंगाकडे, बाहेरच्याचे बाहेर. मातेच्या झग्याला पाठीमागे पोटली असे. तीत बसलेल्या बाळाला आईच्या अंगाचीच ऊब मिळे. अशा झग्याला ‘आमाउती’ म्हणतात आणि आजही तेथील माता तो वापरतात.

दख्खनच्या थंडीची तऱ्हा मात्र निराळी. येथे पहाटे 8-10 अंश, तर दुपारी तेच तापमान 28-30 अंशांवर जाते. म्हणून एका जाड स्वेटरपेक्षा दोन-तीन पातळ, सैल कपडे एकावर एक घालणे उत्तम. त्यांच्यामध्ये हवेचे पदर राहतात आणि ऊन चढेल तसतसा एकेक कपडा उतरविता येतो. आत मऊ सुती बंडी, वर लोकरीचा स्वेटर, आणि वारा असल्यास त्यावर घट्ट विणीच्या कापडाचा अंगरखा असावा. नाहीतर वारा स्वेटरच्या छिद्रांतून आतली हवा पळवून नेतो. मोजेही फार घट्ट नसावेत.

सर्वांत मोठा शत्रू म्हणजे ओल. पाणी हवेपेक्षा सुमारे 24 पट वेगाने उष्णता वाहून नेते. त्यामुळे भिजलेली बंडी अंगावर ठेवणे म्हणजे शत्रूला घरात घेणे होय. लोकर थोडी ओल पोटात घेऊनही उबदार राहते. सुती कापड तसे राहत नाही. खेळायला नेताना पिशवीत एक कोरडी बंडी टाकावी, हे फार थोड्यांना सुचते.

ऊब देण्याच्या भरात काही अपघातही होतात. मफलरचे लोंबते टोक झोपाळ्यात किंवा सायकलच्या चाकात अडकले, तर गळ्याला फास बसतो. खेळताना कानटोपीच बरी. कृत्रिम धाग्याचे कपडे शेकोटीची ठिणगी पडताच वितळून कातडीला चिकटतात. तान्हे मूल निजले असता त्याच्या तोंडावर पांघरूण येता कामा नये. आणि दारे-खिडक्या लावून कोळशाची शेगडी पेटती ठेवणे तर प्राणावर बेतते. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला ना रंग, ना वास.

‘थंडीत बाहेर खेळला म्हणून सर्दी झाली,’ असे वडीलधारी मंडळी म्हणतात. वस्तुतः सर्दी होते ती रोगजंतूंमुळे, आणि कोंदट खोलीत दाटीवाटीने बसले असता ते एकाकडून दुसऱ्याकडे अधिक सहज जातात. नीट कपडे घातलेल्या मुलाला उन्हात बागडण्याची बंदी कशाला?

मूल उबेत आहे की नाही, हे त्याच्या हातापायांवरून ओळखू नये. ते थोडे गार असावयाचेच. मानेमागून कपड्याच्या आत दोन बोटे घालून पाहावे. मान गार लागली तर एक कपडा वाढवावा. घामेजलेली असली तर एक उतरवावा.

दुसऱ्या दिवशी बहिणीने भावाला बंडी, पातळ सदरा आणि स्वेटर घातला, वर कुंची बांधली. ऊन चढू लागले तशी आधी कुंची उतरली, मग स्वेटर. सायंकाळी वारा सुटण्यापूर्वी तिने त्याची ओली बंडी बदलली आणि स्वेटर पुन्हा चढविला. आई बांधावरून येताना दिसली, तेव्हा तो मातीत घर बांधीत होता. बहिणीने त्याच्या मानेमागे बोटे घालून पाहिली. मान कोरडी होती आणि ऊनऊन लागत होती.